घोरण्यातला खंड मोजा: झोपेच्या तपासणीपासून सीपॅपच्या सवयीपर्यंत, क्रमाने

बाबांना सीपॅपचं यंत्र (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) घेऊन सहा वर्षं झाली. त्यातले पहिले आठ महिने ते कपाटात पडून होतं. त्याआधी त्यांची पहिली झोपेची तपासणी वाया गेली होती, कारण निघताना त्यांनी रोजच्यासारखं डोक्याला खोबरेल लावलं आणि रात्रभर तारा निसटत राहिल्या. तेल लावू नका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांच्या तपासणीला मी सोबत गेले आहे. चुका त्याच त्याच होतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून हा क्रम लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. त्याच्या आधी आणि नंतर घरच्यांनी काय करायचं, ते इथे आहे.

## सुरुवात करण्याआधी

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते आणि तिथला मऊ भाग थरथरतो. तो आवाज म्हणजे घोरणं. ही वाट पुरती मिटली की आवाजही बंद होतो. छाती-पोट मात्र हवा ओढायला धडपडत असतं. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घरघरीसह श्वास आत येतो. सकाळी माणसाला यातलं काहीही आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक खंड धरतात. तासाला ३० खंड म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी एकदा श्वास अडकणं, आणि दर वेळी रक्तदाब उसळणं. तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, हट्टी मधुमेह यांच्या जोडीने झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया वारंवार सापडतो.

२०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं, आणि झोपेत श्वास अडकून माणूस जातो अशी धास्ती बसली. बहुतेकांचं नुकसान असं एका रात्रीत होत नाही. ते वर्षानुवर्षं साचतं, म्हणून घाबरून रात्रीतून काही करायची गरज नाही. पण "छान घोरतोय, म्हणजे गाढ झोपलाय" ही समजूत मात्र आजच सोडा.

## टप्पा १: तीन रात्री ऐका

हे काम घोरणाऱ्याला जमणारं नाही. शेजारी झोपणाऱ्याने करायचं. बायको, नवरा, आई, खोलीतला मित्र, कुणीही. एकटे राहत असाल तर फोनचं रेकॉर्डिंग रात्रभर चालू ठेवा.

सलग तीन रात्री दोन वेळा ऐकायचं: झोप लागल्यावर तासाभराने, आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. पहाटेची वेळ सोडू नका. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, त्यात स्नायू आणखी ढिले पडतात आणि अनेकांचे सगळ्यात लांब खंड तेव्हाच येतात. फोन हातभर अंतरावर ठेवून पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मंद दिवा असू द्या आणि छाती-पोट दिसू द्या.

इथे सगळे एकच चूक करतात. आवाज मोठा झाला की रेकॉर्डिंग सुरू, थांबला की बंद. डॉक्टरांना हवी असते ती मधली शांतता. आवाज बंद पडला, पण पोट हलतंय, ही सगळ्यात कामाची चित्रफीत. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघून किती वेळ गेला ते लिहा. उताणं होते की कुशीवर, तेही लिहा. त्या रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली होती का, नाक चोंदलं होतं का, याची नोंद करा.

तपासून पाहा: तुमच्या वहीत निदान एका ठिकाणी तरी "आवाज थांबला, इतके सेकंद, मग मोठा श्वास" किंवा "तीन रात्रींत एकदाही थांबला नाही" असं स्पष्ट वाक्य आहे का? नसेल तर आणखी दोन रात्री द्या.

## टप्पा २: दिवसाची बाजू आणि टेप

रात्रीचं लिहून झालं की दिवसाचं. डॉक्टर साधारणपणे स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलं आहे का, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. प्रत्येक "हो"ला एक गुण. ३-४ गुण म्हणजे मध्यम शक्यता, ५ किंवा जास्त म्हणजे दाट शक्यता. मानेचा घेर शिंप्याच्या टेपने, कंठमण्याच्या खाली मोजायचा. १६ इंची कॉलर लागत असेल तर तुम्ही त्या रेषेवर पोचलात.

वजनाच्या प्रश्नावर थोडं थांबा. ३५ चा बीएमआय आपल्याकडे फार जणांचा नसतो. पण लहान किंवा मागे गेलेला जबडा, मोठे टॉन्सिल, जाड जीभ यांमुळे सडपातळ माणसालाही हा आजार होतो. "मी कुठे जाडा आहे?" या एका वाक्यावर माझ्या ओळखीत दोघांनी काही वर्षं घालवली.

दुसरी यादी एपवर्थची. बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी जेवल्यावर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, ते शून्य ते तीनमध्ये लिहायचं. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे. ही यादी एकट्याने भरू नका. बाबांनी स्वतः भरली तेव्हा ४ आले होते. आईने शेजारी बसून भरून घेतली तेव्हा १५. पडल्या पडल्या झोप लागणं ही ते आपली चांगली सवय समजत होते.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांच्यात हा आजार बरेचदा घोरण्याच्या तक्रारीने येत नाही. रात्री वारंवार जाग, सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही, चिडचिड, असा येतो. मग रक्त तपासून लोहाच्या गोळ्या मिळतात, नाहीतर "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. घोरते म्हणून मुलीचं लग्न अडेल या भीतीने गोष्ट लपवणारी घरंही मी पाहिली आहेत. लपवू नका. गरोदरपणात घोरणं नव्याने सुरू झालं आणि रक्तदाब वाढत असेल, तर पुढच्या भेटीत ते आठवणीने सांगा.

इथेच थांबून एक गोष्ट करा. गाडी चालवताना एकदाही डोळा लागला असेल, तर उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत चाक हातात घेऊ नका. द्रुतगती मार्गावर खिडकी उघडून, गाणी लावून, चहा पिऊन ही झोप आवरत नाही. ज्यांचं पोट गाडी चालवण्यावर आहे, त्यांनी पुढचे टप्पे सगळ्यांत आधी आणि लवकरात लवकर उरकावेत.

## टप्पा ३: डॉक्टरांची भेट

झोपेच्या आजारांचं काम आपल्याकडे मुख्यतः छातीरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसातज्ज्ञ करतात, काही ठिकाणी मेंदूरोगतज्ज्ञही. मोठ्या शहरांत स्वतंत्र स्लीप क्लिनिक आहेत. तालुक्याच्या गावी असाल तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांची चिठ्ठी घ्या.

सोबत न्यायचं: वही, व्हिडिओ, रक्तदाबाच्या अलीकडच्या नोंदी, चालू औषधं (अ‍ॅलर्जीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट), साखर आणि थायरॉइडचे अहवाल. आणि न्यायचा तो शेजारी झोपणारा माणूस. तो आला नाही तर अर्धी माहिती घरीच राहते. खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य "मी घोरतो" असं असू नये. "झोपेत माझा श्वास थांबतो, हे पाहा" असं म्हणा. दोन्हींची दखल वेगळी घेतली जाते.

नाकाचं वाकडं हाड दिसलं की ऑपरेशनची घाई होते. नाक मोकळं झाल्याने श्वास सुखाचा होतो, पुढे मास्कही सोसवतो, पण अडथळा घशात असेल तर एवढ्याने अ‍ॅप्निया सहसा जात नाही. तपासणीआधी ऑपरेशनची तारीख घेऊ नका. नाकावरच्या पट्ट्या आणि घशातले फवारे आवाज कमी करतील, खंड तसेच राहतील. ओठांवर चिकटपट्टी लावून झोपायचं जे व्हिडिओ फिरतात, ते तर निदान न झालेल्या माणसाने करूच नये. नाकही बंद असेल तर श्वास घ्यायचा कुठून?

लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, तर वरच्या याद्या त्याला लागू नाहीत. त्याला थेट कान-नाक-घसातज्ज्ञांकडे न्या. मुलांत बहुधा टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड वाढलेले असतात, आणि मूल दिवसा पेंगण्याऐवजी उलट चंचल होतं.

## टप्पा ४: तपासणीची रात्र

दोन प्रकार आहेत. प्रयोगशाळेतल्या तपासणीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, श्वास, छाती-पोटाची धडपड, ऑक्सिजन, हृदय, पाय हे सगळं टिपतात आणि तंत्रज्ञ रात्रभर जागा असतो. घरच्या तपासणीत बहुधा नाकाखालची नळी, छातीवरचा पट्टा आणि बोटावरचा ऑक्सिमीटर एवढंच. शक्यता दाट असेल आणि दुसरा मोठा आजार नसेल तर घरची चालते. हृदय कमकुवत असेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तर प्रयोगशाळाच. मनगटी घड्याळाचा ऑक्सिजनचा आलेख म्हणजे निदान नव्हे. तो डॉक्टरांना जरूर दाखवा, पण त्यावर थांबू नका.

त्या दिवशी:

- केस शांपूने धुवा. तेल, जेल, चेहऱ्याला क्रीम काही नको.
- निदान एका हाताच्या बोटांचं नेलपॉलिश काढा. गडद मेंदी असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा.
- दुपारी झोपू नका. दुपारनंतर चहा-कॉफी नको.
- दारू नको. रोजची औषधं नेहमीच्या वेळी घ्या. झोपेची गोळी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.
- स्वतःची उशी, पुढून बटणं असलेला ढगळ सदरा, पहाटेची औषधं बरोबर न्या.

बहुतेकांना वाटतं, "इतक्या तारा लावून मला झोपच येणार नाही." येते. चार-पाच तास लागली तरी अहवाल निघतो. उताणं झोपायला मात्र विसरू नका. रात्रभर कुशीवर काढली तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसू शकतो.

घरच्या तपासणीत मशीन लावणारा माणूस संध्याकाळी येऊन दाखवून जातो. तो असतानाच स्वतःच्या हाताने सगळं एकदा काढून पुन्हा लावा. रात्री बाथरूमला उठल्यावर नळी निघाली आणि कशी लावायची ते कळेना, म्हणून फुकट गेलेल्या रात्री थोड्या नाहीत.

तपासून पाहा: झोपण्याआधी मशीनचा दिवा लागला आहे का, बोटाचा सेन्सर घट्ट आहे का, नळीची दोन्ही टोकं नाकपुड्यांत आहेत का.

## टप्पा ५: अहवाल वाचणं

पहिल्या पानावरचा एएचआय हा आकडा म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. प्रौढांत ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. पण एवढ्यावर पान मिटू नका. पुढच्या गोष्टी शोधा आणि त्यांवर पेन्सिलने खूण करा.

एकूण झोप किती झाली? दोनच तास असेल तर अहवालावर भिस्त ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोला. ऑक्सिजन सगळ्यात खाली किती गेला, आणि ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ होता? तासाला १८ खंड असलेल्या दोन माणसांत एकाचा ऑक्सिजन ८८ पर्यंत उतरतो, दुसऱ्याचा ७० पर्यंत. दोघांचा आजार सारखा नाही. उताणं असतानाचा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिला आहे का? फरक मोठा असेल तर उपचारात त्याचा उपयोग होतो.

घरच्या तपासणीत भागाकार बहुधा झोपेच्या तासांनी होत नाही, मशीन चालू असलेल्या तासांनी होतो. निम्मी रात्र तळमळत गेली असेल तर आकडा कमी येतो. म्हणून लक्षणं ठळक असताना घरचा अहवाल "नॉर्मल" आला, तर प्रयोगशाळेतल्या तपासणीबद्दल विचारा.

## टप्पा ६: उपचार ठरवणं, आणि यंत्र घेण्याआधी

सौम्य आजारात वजन, कुशीवर झोपण्याची सवय (बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू घालणं हा साधा उपाय खरोखर चालतो), रात्रीची दारू बंद, नाकाच्या अ‍ॅलर्जीवर उपचार, यांनी बराच फरक पडतो. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं उपकरण सौम्य आणि मध्यम आजारात उपयोगी पडतं. ते दंतवैद्याकडून मापाने करून घ्यायचं, ऑनलाइन मागवायचं नाही. मध्यम आणि तीव्र आजारात पहिला उपाय सीपॅप. मास्कमधून ठरावीक दाबाने हवा येते आणि मिटू पाहणारी वाट उघडी राहते. त्यात ऑक्सिजन भरलेला नसतो. साधी खोलीतलीच हवा असते.

दाबाचा आकडा ठरवायला एकतर प्रयोगशाळेत दुसरी रात्र काढावी लागते, किंवा दाब आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र काही दिवस घरी वापरून त्याची नोंद पाहतात. शेजाऱ्याचा दाब १० आहे म्हणून तुम्हालाही १० चालेल असं नाही.

यंत्र लगेच विकत घेऊ नका. आठवडा-दोन आठवडे भाड्याने किंवा चाचणीसाठी मागा. पैशांपेक्षाही मास्कची निवड महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच दोन मिनिटांत उरकतात. मास्क झोपून बघायचा. बसून घट्ट वाटलेला मास्क कुशीवर वळल्यावर गळतो. नाकाने श्वास घेणाऱ्याला नाकाचा छोटा मास्क पुरतो. तोंड उघडं राहणाऱ्याला किंवा नाक सतत चोंदणाऱ्याला तोंड-नाक दोन्ही झाकणारा लागू शकतो. दाढी असेल तर तो मोठा मास्क बाजूने हवा सोडतो, हे आधी लक्षात घ्या.

जुनं यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर कंपनी, मॉडेल आणि वापराचे तास तपासल्याशिवाय घेऊ नका. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आवाज दाबणाऱ्या फोमचे कण सुटून हवेच्या वाटेत येऊ शकतात म्हणून लाखो यंत्रं परत मागवली होती. आरोग्य विम्यात यंत्राचे पैसे बहुधा मिळत नाहीत. खरेदीआधी कंपनीला लेखी विचारा.

## टप्पा ७: पहिला महिना

यंत्रं कपाटात जातात ती याच महिन्यात. आमच्याकडे पहिल्याच रात्री पूर्ण दाब लावून दिवे मालवले. बाबा घाबरून उठले, मास्क फेकला आणि "मला गुदमरवता का?" म्हणाले. त्यानंतर आठ महिने विषय निघाला नाही. दुसऱ्यांदा आम्ही हळूहळू गेलो, आणि तेच करा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

पहिले दोन-तीन दिवस: यंत्र बंद. दिवसा टीव्ही बघताना मास्कचा फक्त पुढचा भाग हाताने नाकाशी धरा. पट्टे लावू नका. कधीही दूर करता येतो, हे हाताला कळू द्या.

पुढचे दोन-तीन दिवस: यंत्र चालू, मास्क बांधलेला, पण दिवसा आणि बसून. अर्धा तास. नाकाचा मास्क असताना तोंड उघडून बोललात तर हवा सुसाट बाहेर येईल. घाबरू नका, तोंड मिटा.

मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून, आणि त्यानंतर रात्र. दाब हळूहळू चढवण्याची सोय यंत्रात असते, ती चालू ठेवा. रात्री मास्क काढला गेला तरी जाग आल्यावर परत लावा. पहिल्या आठवड्यात दोन तास झाले तरी चालतील. पुढे रात्रभर, आणि दुपारच्या झोपेतसुद्धा.

अडचणी आणि त्यांची खरी कारणं: सकाळी तोंड कोरडं पडतं ते बहुधा तोंड उघडं राहून हवा निसटते म्हणून. हनुवटीचा पट्टा किंवा मोठा मास्क याबद्दल विचारा. नाक चोंदत असेल तर ह्युमिडिफायरची (यंत्राची हवा ओलसर करणाऱ्या टाकीची) वाफ वाढवा. डोळे कोरडे होतात तेव्हा मास्क वरून गळत असतो. नाकाच्या दांड्यावर व्रण पडला की लोक मास्क बदलायला निघतात, पण कारण बहुतेकदा पट्टे फार आवळलेले असतात. मास्क आवळून गळती थांबत नाही, तो वेडावाकडा होऊन आणखी गळतो. झोपलेल्या स्थितीत, हवा चालू ठेवून, एकदा चेहऱ्यापासून उचलून परत टेकवा, मग पट्टे हलके ओढा. पोट फुगत असेल तर दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. दाब स्वतः बदलू नका.

महिनाअखेर यंत्रातली नोंद काढून घ्या. त्यात तीन आकडे पाहा: रात्री सरासरी किती तास, गळती किती, आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय किती. तो ५ च्या आत हवा. रात्री चार तास, दहापैकी सात रात्री, हे वापराचं किमान माप म्हणून धरतात. पहाटेचे लांब खंड आठवा. रात्री दोनला मास्क काढणारा माणूस ती सगळ्यात वाईट वेळ उपचाराविना काढतो.

तासांवर मी इतका भर देते त्याला कारण आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ जणांत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. दिवसाची झोप आणि रोजचं जगणं मात्र सुधारलं. त्यातला सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. तेव्हा यंत्र आणलं की हृदय सुरक्षित, असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका.

## टप्पा ८: यंत्र सांभाळणं

मास्कचा चेहऱ्याला टेकणारा भाग रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क आणि नळी साध्या सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत टांगा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, नळी आतून वाळायला दोन दिवस लागतात. ओली नळी जोडू नका. वाफेच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही औषधाच्या दुकानातलं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते नाही. रोज उरलेलं पाणी ओतून टाका. फिल्टर काळवंडला की बदला. धूळ असलेल्या रस्त्याकडेच्या घरात तो लवकर काळवंडतो.

वीज गेली तर मास्क काढून ठेवायचा. इन्व्हर्टरवर यंत्र चालतं, पण वाफ बंद करा. जास्त वीज तीच खाते. विमानात यंत्र हातातल्या सामानात घ्या. खालच्या सामानात देऊ नका.

वजन साताठ किलोने कमी किंवा जास्त झालं तर दाब पुन्हा तपासून घ्या. वजन उतरलं म्हणून यंत्र परस्पर बंद करू नका. आधी पुन्हा तपासणी, मग निर्णय.

आणि कसलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं किंवा हर्नियाचं असलं, तरी भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्निया आहे हे भरतीच्या आधी सांगा. भूल आणि वेदनेच्या काही औषधांनी घसा आणखी सैल पडतो. हॉस्पिटलच्या बॅगेत टूथब्रशच्या आधी यंत्र, मास्क आणि नळी भरा, आणि शुद्धीवर आल्यावर ते लावायला कोण आठवण करणार, ते घरातून निघतानाच ठरवून ठेवा.